आधी कथा, मग सूर, मग चित्र : संगीतकार एलेनी काराइंद्रू आणि दिग्दर्शक थिओ अंगेलोपुलोस यांच्या सहकार्याचा एक प्रकरण अभ्यास

चित्रपटाचे पार्श्वसंगीत साधारणपणे सर्वांत शेवटी तयार होते. चित्रीकरण संपलेले असते, संकलनही जवळजवळ पूर्ण झालेले असते, आणि मग संगीतकाराला बोलावून कोणत्या जागी किती सेकंदांचे दुःख हवे आहे आणि कोणत्या जागी किती सेकंदांची भीती हवी आहे, हे सांगितले जाते. आपल्याकडे हिंदी आणि मराठी चित्रपटांत गाणी आधी ध्वनिमुद्रित होतात आणि चित्रीकरण त्यांच्या मागून होते, परंतु पार्श्वसंगीताची पाळी आपल्याकडेही शेवटीच येते. ग्रीक संगीतकार एलेनी काराइंद्रू यांनी थिओ अंगेलोपुलोस या दिग्दर्शकाच्या आठ चित्रपटांना संगीत दिले, आणि त्या कामात हा क्रम उलटा होता. दिग्दर्शक कथा तोंडी सांगत असे, संगीतकार ती ऐकून धुना रचत असे, आणि चित्र त्यानंतर आकाराला येत असे.

या लेखात मी त्या एकाच सहकार्याचा विचार करणार आहे. ते १९८२ साली एका चित्रपट महोत्सवातून सुरू झाले आणि जानेवारी २०१२ मध्ये दिग्दर्शकाच्या अपघाती मृत्यूने थांबले. कामाचा हा उलटा क्रम म्हणजे दोन कलावंतांची केवळ सवय नव्हती, असे माझे मत आहे. काराइंद्रू यांच्या संगीताचा संथपणा, त्याची अल्पाक्षरी रचना, आणि पडद्यापासून वेगळे काढल्यावरही स्वतंत्रपणे ऐकता येण्याची त्याची ताकद, या तिन्ही गोष्टी त्या क्रमातून आल्या आहेत. ज्यांनी हे संगीत फक्त ध्वनिमुद्रिकांवर ऐकले आहे आणि चित्रपट एकही पाहिलेला नाही, असे श्रोते जगभर आहेत. पार्श्वसंगीताच्या बाबतीत असे क्वचितच घडते, आणि म्हणूनच हे प्रकरण मुळापासून पाहण्याजोगे आहे.

पूर्वतयारी : डोंगरातले गाव, अथेन्स, पॅरिस

काराइंद्रू यांचा जन्म १९४१ साली मध्य ग्रीसमधील फोकिडा भागातल्या तिखिओ या डोंगराळ गावी झाला. बालपणाबद्दल बोलताना त्यांनी वाद्यांच्या आधी निसर्गाचे आवाज सांगितले आहेत : वारा, दगडी छपरावर पडणारा पाऊस, वाहते पाणी, बुलबुलाची शीळ, आणि बर्फ पडल्यानंतरची शांतता. त्यानंतर येतात जत्रांमध्ये डोंगरभर घुमणाऱ्या बासऱ्या आणि क्लॅरिनेट, चर्चमधील बायझंटाइन प्रार्थना, आणि मक्याची कणसे सोलताना बायकांनी मिळून म्हटलेली गाणी. जात्यावरच्या ओवीशी ज्यांचा परिचय आहे त्यांना यातील शेवटची गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. हाताच्या कामाची जी गती असते तीच त्या गाण्याची लय होते, आणि गाणे संपवण्याची घाई कोणालाच नसते. काराइंद्रू यांच्या पुढच्या संगीतात ही घाई नसणे पुन्हा पुन्हा भेटते.

त्या आठ वर्षांच्या असताना कुटुंब अथेन्सला आले. तेथे त्यांना पियानो मिळाला आणि सिनेमाही मिळाला, कारण त्यांचे घर एका उघड्यावरच्या चित्रपटगृहाला लागूनच होते. पुढे त्यांनी हेलेनिकॉन ओडिऑन या संगीत विद्यालयात पियानो आणि संगीतशास्त्र यांचे शिक्षण घेतले आणि विद्यापीठात इतिहास व पुरातत्त्व या विषयांचा अभ्यास केला. एप्रिल १९६७ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी ग्रीसची सत्ता बळकावली. १९६९ मध्ये काराइंद्रू पॅरिसला गेल्या आणि हुकूमशाही कोसळेपर्यंत, म्हणजे १९७४ पर्यंत, तेथेच राहिल्या. त्या काळात त्यांनी निरनिराळ्या समाजांच्या लोकसंगीताचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला, वाद्यवृंदरचना शिकली आणि जॅझ वादकांबरोबर उत्स्फूर्त वादनही केले. परतल्यावर त्यांनी अथेन्समध्ये पारंपरिक वाद्यांची कार्यशाळा उभारली आणि आकाशवाणीसाठी लोकसंगीताचे काम केले. मारिया फरांदूरी यांच्या आवाजातील त्यांची गाणी १९७५ साली प्रसिद्ध झाली. गीतरचनेचा तो रस्ता त्या काळच्या ग्रीसमध्ये राजमार्गच होता. मिकिस थिओदोराकिस आणि मानोस हाजिदाकिस या संगीतकारांनी तो घडवला होता आणि लोकांचे अमाप प्रेम त्या रस्त्यावर होते. काराइंद्रू तो सोडून नाटक आणि चित्रपट यांच्या शब्दहीन संगीताकडे वळल्या.

भेट

१९८२ च्या थेसालोनिकी चित्रपट महोत्सवात समाजवादी क्रांतिकारक रोझा लुक्झेंबर्ग यांच्या आयुष्याशी जोडलेल्या ‘रोझा’ या चित्रपटाच्या संगीतासाठी काराइंद्रू यांना पुरस्कार मिळाला. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष होते थिओ अंगेलोपुलोस.

अंगेलोपुलोस तेव्हा नवखे नव्हते. १९७५ च्या ‘द ट्रॅव्हलिंग प्लेयर्स’ने त्यांचे नाव युरोपभर झाले होते. परंतु त्यांच्या आधीच्या चित्रपटांतील संगीताची भूमिका निराळी होती. तेथे संगीत बहुधा प्रसंगातच घडते. कोणीतरी गाते, बँड वाजतो, मिरवणूक जाते. ‘द ट्रॅव्हलिंग प्लेयर्स’मध्ये १९४६ च्या नववर्षाच्या नाचाचा एक विलक्षण प्रसंग आहे. डावे तरुण आणि राजनिष्ठ गट एकमेकांशी गाण्यांनी लढतात आणि शेवटी त्यांतला एक जण पिस्तूल काढतो. गाणे तेथे शस्त्र आहे, पात्राच्या मनाचा आवाज नव्हे. १९८० नंतर अंगेलोपुलोस समूहाच्या इतिहासाकडून एकेका माणसाच्या परतीच्या, हरवण्याच्या आणि शोधाच्या कथांकडे वळले, आणि त्या वळणावर त्यांना वेगळ्या संगीताची गरज भासली असावी. दोघांच्याही बालपणावर ग्रीसमधील यादवी युद्धाची सावली होती. डिसेंबर १९४४ मध्ये अंगेलोपुलोस यांच्या वडिलांना पकडून नेले होते, आणि नऊ वर्षांचा हा मुलगा आईबरोबर प्रेतांमध्ये वडिलांना शोधत हिंडला होता. वडील पुढे परत आले. दोघांचा पहिला एकत्रित चित्रपट, १९८४ चा ‘व्हॉयेज टू सिथेरा’, हा सोव्हिएत संघातील बत्तीस वर्षांच्या निर्वासनानंतर घरी परतलेल्या एका म्हाताऱ्या बापाचाच आहे. देशाला तो नकोसा होतो आणि अखेरीस त्याला आणि त्याच्या बायकोला एका तराफ्यावर समुद्रात सोडून दिले जाते.

कामाची पद्धत आणि तिचे परिणाम

पद्धत थोडक्यात अशी होती. अंगेलोपुलोस नव्या चित्रपटाची कल्पना काराइंद्रू यांना बोलून दाखवत. त्या ती ऐकून घेत, पियानोवर सुरावटी शोधत, आणि दिग्दर्शकाला ऐकवून त्यांतून मुख्य धून निश्चित होई. दृश्यांची यादी हातात नसे, सेकंदांचा हिशेब नसे. हाती असे फक्त एका माणसाच्या आवाजात ऐकलेली गोष्ट, तिच्यातील थांबे आणि तिचा सूर.

याचा पहिला परिणाम असा की संगीत घटनांचा पाठलाग करीत नाही. ज्या संगीतकाराला दार उघडण्याचा क्षण ठाऊकच नाही, तो दार उघडण्यावर ढोल वाजवू शकत नाही. त्याच्या हाती कथेचा गाभाच उरतो, आणि तो गाभा तो चार-सहा स्वरांत बांधतो. काराइंद्रू यांच्या बहुतेक मुख्य धुना अशाच आहेत : एक छोटे स्वरवाक्य, खाली झुकून पुन्हा मूळ जागी येणारे, ओबो या फुंकवाद्यावर एकदा, अकॉर्डियनवर एकदा, मग तंतुवाद्यांच्या संथ पडद्यावर पुन्हा एकदा. विस्तार होतो तो वाद्यांच्या रंगातून. स्वरांची भर फारशी पडत नाही.

दुसरा परिणाम दिग्दर्शकाच्या शैलीशी निगडित आहे. अंगेलोपुलोस यांची दृश्ये कित्येक मिनिटे न तोडता चालतात. कॅमेरा सरकत राहतो आणि एकाच चौकटीत काळही बदलतो. जेथे कात्रीच कमी चालते तेथे संगीताला कात्रीबरोबर धावण्याचे कारण राहत नाही. आधीच पूर्ण असलेली धून अशा दृश्यात सबंध मावते, तिचा श्वास तुटत नाही. हेच संगीत जर वेगाने तुटणाऱ्या दृश्यांच्या चित्रपटासाठी आधी लिहिले असते, तर संकलकाला त्याचे तुकडे करावे लागले असते. म्हणजे ही पद्धत कोठेही चालेल अशी नाही, ती या दिग्दर्शकाजवळच चालली, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. संगीत आधी तयार असल्यामुळे ते पडद्यावरच्या माणसांच्या हातात देता आले. ‘इटर्निटी अँड अ डे’मध्ये मरणाच्या उंबरठ्यावरचा कवी आणि अल्बेनियाचा निराधार मुलगा रात्री बसमधून फिरतात, आणि त्या बसमध्ये तीन तरुण वादक चढून वाजवू लागतात. ‘द वीपिंग मेडो’चा नायक तर स्वतःच अकॉर्डियनवादक आहे, समुद्रकाठी वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींच्या आडून एकेक वादक प्रकट होतो आणि त्यांच्या वाद्यांमधून चित्रपटाचे संगीत वाजते. पात्राचे संगीत कोणते आणि संगीतकाराचे कोणते, ही रेषा अशा दृश्यांत पुसून जाते. अंगेलोपुलोस यांच्या जुन्या चित्रपटांत गाणे प्रसंगातून येत असे. काराइंद्रू यांनी ती रीत मोडली नाही, उलट त्या रीतीत आपले संगीत विरघळवले.

‘युलिसिस गेझ’ : एका चित्रपटाजवळ थांबून

या सहकार्याची खरी परीक्षा १९९५ च्या ‘युलिसिस गेझ’मध्ये झाली असे मला वाटते. जवळजवळ तीन तासांचा हा चित्रपट युगोस्लाव्हियाचे युद्ध चालू असताना बाल्कन प्रदेशांत चित्रित झाला. हार्वी कायटेल यांनी साकारलेला एक ग्रीक-अमेरिकन दिग्दर्शक बाल्कनमधील चित्रणाचे आद्य प्रवर्तक मानले जाणारे यानाकी आणि मिल्टन हे मानाकी बंधू यांची, कधीही न धुतलेली तीन रिळे शोधत सारायेव्होपर्यंत जातो. चित्रीकरण सुरू असतानाच, डिसेंबर १९९४ मध्ये, चित्रपटसंग्रहालयाच्या रक्षकाची भूमिका करणारे इटालियन नट जान मारिया व्होलोन्ते यांचे उत्तर ग्रीसमधील फ्लोरिना येथे निधन झाले. ती भूमिका एर्लांड योसेफसन यांनी पूर्ण केली आणि चित्रपट व्होलोन्ते यांना अर्पण करण्यात आला.

काराइंद्रू यांनी या चित्रपटासाठी मुख्य वाद्य निवडले ते व्हायोला, आणि ते वाजवले किम काशकाशियान या आर्मेनियन वंशाच्या अमेरिकन वादक स्त्रीने. ही निवड काळजीपूर्वक पाहावी. व्हायोला व्हायोलिनपेक्षा खालचा आणि चेलोपेक्षा वरचा. त्याचा मधला सप्तक माणसाच्या बोलण्याच्या आवाजाजवळ येतो. व्हायोलिन चटकन विलाप करू लागते आणि चेलोला गांभीर्याचा मोठेपणा चिकटतो. व्हायोलाचा आवाज किंचित घोगरा, अडखळत बोलणाऱ्या माणसासारखा असतो. ज्या माणसाला आपण नेमके काय शोधतो आहोत हेच पूर्ण उमगलेले नाही, त्याच्यासाठी यापेक्षा योग्य वाद्य मला सुचत नाही. त्या व्हायोलाच्या भोवती तंतुवाद्ये, ओबो, अकॉर्डियन, ट्रम्पेट आणि हॉर्न आहेत, परंतु बहुतेक वेळा ती दूरवर उभी राहिल्यासारखी वाजतात.

चित्रपटातील सर्वांत प्रसिद्ध दृश्यात लेनिनचा तुकडे केलेला अजस्र पुतळा एका मालवाहू नौकेवर आडवा ठेवून डॅन्यूब नदीतून नेला जात आहे. नौका पुढे सरकते तसे काठावरचे लोक धावत येतात, थांबतात, आणि कित्येक जण गुडघे टेकून छातीवर क्रूसाची खूण करतात. हे दृश्य प्रचाराचे होऊ शकले असते, किंवा विडंबनाचे. काराइंद्रू यांची धून ते दोन्ही बाजूंनी वाचवते, कारण ती पुतळ्याविषयी काहीच म्हणत नाही. ती नदीच्या वेगाने चालते आणि कोणाचीही असू शकेल अशी एक अंत्ययात्रा ऐकू येते. पुतळ्याचा आकार आणि लोकांचे गुडघे टेकणे प्रत्यक्ष पाहून जर हे संगीत लिहिले गेले असते, तर त्यात मोठेपणा किंवा उपहास शिरल्यावाचून राहिला असता का, याबद्दल मला शंका आहे.

सारायेव्होच्या भागात अंगेलोपुलोस आणि काराइंद्रू यांचा संयम दिसतो. शहरात धुके उतरले की लपून गोळ्या झाडणाऱ्यांना निशाणा दिसत नाही, म्हणून धुक्याचे दिवस हे तेथील लोकांचे सुटीचे दिवस. त्या धुक्यात निरनिराळ्या समाजांच्या मुलांचा वाद्यवृंद उघड्यावर वाजवतो, लोक हिंडतात, नाचतात. थोड्याच वेळाने त्याच धुक्याच्या आड एका कुटुंबाची हत्या होते आणि प्रेक्षकाला पडद्यावर पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नाही. ऐकू येतात ते हुकूम, किंकाळ्या आणि गोळ्या. संगीत कोठे असू नये हे ठरवणे हाही संगीतकाराच्या कामाचा भाग असतो, आणि येथे ती जागा अचूक ओळखलेली आहे. त्या वर्षी कान महोत्सवात चित्रपटाला परीक्षकांचा ग्रँड प्री मिळाला.

बाकीचे चित्रपट मी ओझरतेच सांगतो. ‘द बीकीपर’मध्ये मार्चेल्लो मास्त्रोयान्नी यांच्या एकाकी मधपाळासाठी यान गारबारेक यांचा सॅक्सोफोन आहे, आणि नॉर्वेच्या त्या थंड, लांब सुरांनी ग्रीक वसंताला जो विचित्र गारठा दिला आहे तो विसरता येत नाही. ‘लँडस्केप इन द मिस्ट’मध्ये कधीही न पाहिलेल्या बापाला शोधायला जर्मनीकडे निघालेल्या दोन लहान भावंडांसाठी ओबो आहे. ‘द सस्पेंडेड स्टेप ऑफ द स्टॉर्क’ सीमेवरच्या निर्वासितांचा आहे. त्यात नदीच्या एका काठावर वधू आणि दुसऱ्या काठावर वर उभा राहून लग्न लागते. १९९८ मध्ये ‘इटर्निटी अँड अ डे’ला कानचा सर्वोच्च पुरस्कार, पाम दोर, मिळाला.

आक्षेप

काराइंद्रू यांच्यावर एक आक्षेप घेतला जाऊ शकतो आणि तो टाळणे बरोबर होणार नाही. तीच गती, तोच करुण रंग, तीच ओबो-अकॉर्डियन-तंतुवाद्यांची जुळणी. सगळ्या ध्वनिमुद्रिका एकामागून एक ऐकल्या तर कोणती धून कोणत्या चित्रपटाची हे सांगणे अवघड होते. मला हा आक्षेप अंशतः मान्य आहे. २००८ च्या ‘द डस्ट ऑफ टाइम’मध्ये आधीच्या कामाचे प्रतिध्वनी जास्त आणि नवा शोध कमी, असे माझे मत आहे. एकाच दिग्दर्शकाने सांगितलेल्या कथा पाव शतक ऐकत राहिले की ऐकणाऱ्याच्या उत्तरांतही साचा येतो, ही या पद्धतीची किंमतच म्हटली पाहिजे. तरीही आक्षेप घेणाऱ्याने एक गोष्ट लक्षात घ्यावी. ते आठही चित्रपट मिळून एकच दीर्घ कथा आहे, घर सुटलेल्या माणसांची, आणि एकच राग आयुष्यभर गाणाऱ्या गायकाकडून आपण दर मैफलीत नव्या रागाची अपेक्षा करीत नाही.

पडद्यापासून दूर

संगीताला पडद्याशिवाय जगता येते हे सिद्ध होण्यात म्युनिकच्या ईसीएम या ध्वनिमुद्रिका कंपनीचा वाटा मोठा आहे. १९६९ साली मान्फ्रेड आयखर यांनी तिची स्थापना केली. काराइंद्रू यांची पहिली ध्वनिमुद्रिका या कंपनीने १९९१ मध्ये काढली, आणि तेव्हापासून त्यांचे चित्रपटसंगीत स्वतंत्र रचना म्हणून जगापुढे येऊ लागले. काशकाशियान आणि गारबारेक हे दोघेही याच कंपनीचे कलावंत.

दुसरा आधार रंगभूमीचा. २००१ च्या उन्हाळ्यात एपिडॉरसच्या प्राचीन नाट्यगृहात, काराइंद्रू यांचे पती अँतोनिस अँतिपास यांच्या दिग्दर्शनाखाली युरिपिडीसचे ‘ट्रोजन विमेन’ सादर झाले. पराभूत शहरातल्या स्त्रियांना गुलाम म्हणून जहाजांवर चढवले जाण्याची ती शोकांतिका. त्यासाठी काराइंद्रू यांनी स्त्रियांचा समूहस्वर आणि पूर्व भूमध्य प्रदेशातील वाद्ये घेतली. त्यात सॉक्रातिस सिनोपुलोस यांची इस्तंबूलच्या ग्रीकांची लिरा आहे. हे लहानसे वाद्य मांडीवर उभे धरून कमानीने वाजवतात आणि तारांना नखाचा स्पर्श बाजूने देतात, म्हणून आपल्या सारंगीच्या श्रोत्याला त्याचा आवाज परका वाटत नाही. सांतुरी आपल्या संतूरच्या नात्यातली, तर कानोनाकीकडे पाहताना स्वरमंडल आठवते. पॅरिसमधील अभ्यास आणि अथेन्समधील वाद्यांची कार्यशाळा यांचे फळ पडद्यापेक्षा या नाटकात अधिक उघडपणे दिसते. मार्च २००५ मध्ये अथेन्सच्या मेगारो सभागृहात त्यांनी चित्रपट आणि नाटक या दोन्हींतले संगीत एकत्र गुंफून ‘एलेजी ऑफ द अपरूटिंग’ या नावाने सादर केले. तीस वर्षांपूर्वी त्यांची गाणी गाणाऱ्या मारिया फरांदूरी त्यातही गायल्या.

२०१२ आणि नंतर

२४ जानेवारी २०१२ च्या संध्याकाळी, ‘द अदर सी’ या नव्या चित्रपटाचे चित्रीकरण चालू असताना, पिरेअस बंदराजवळ रस्ता ओलांडणाऱ्या अंगेलोपुलोस यांना मोटारसायकलची धडक बसली आणि त्यांचे निधन झाले. ते ७६ वर्षांचे होते. चित्रपट अपुराच राहिला.

कथा सांगणारा माणूस गेला, तेव्हा काराइंद्रू सत्तरीत होत्या. त्यांनी लिहिणे थांबवले नाही. नोव्हेंबर २०१० च्या मैफलीची ध्वनिमुद्रिका २०१३ मध्ये निघाली, एपिडॉरसला सादर झालेल्या ‘मीडिया’ या प्राचीन ग्रीक शोकांतिकेचे संगीत २०१४ मध्ये. पुढे लेबनॉनमध्ये जन्मलेले नाटककार वज्दी मुआवाद यांच्या ‘तू देझ्वाझो’ या नाटकाला त्यांनी संगीत दिले. ते २०१७ मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर आले. त्यातला ज्यू तरुण आणि अरब तरुणी प्रेमात पडतात आणि घराण्यांचा इतिहास त्यांच्या आड येतो. २०१९ च्या ध्वनिमुद्रिकेत या संगीताच्या जोडीला इराणी दिग्दर्शक पेमान मोआदी यांच्या २०१८ च्या एका चित्रपटाचे संगीत आहे. त्या चित्रपटाची कथा १९८८ मधली आहे : इराकी क्षेपणास्त्रे तेहरानवर पडत आहेत, माणसे तळघरांत रात्र काढत आहेत, आणि त्याच तळघरात एक मुलगा पहिल्यांदा कोणाच्या तरी प्रेमात पडतो.